शाईचा डाग

पाळकांनी नोंदवही मागितली.
कुण्या मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता,
नागपूरला लग्न ठरलंय म्हणे.
चावी माझ्याकडेच. कपाटाची, दानपेटीची,
वेदीवरचे पितळी दिवे ठेवतो त्या पेटीची,
मागच्या संडासाचीसुद्धा.
एकतीस वर्षं छावणीतल्या या देवळाच्या
सगळ्या चाव्या माझ्या कमरेला आहेत,
आणि तू कुठल्या खोलीत असतोस
ते मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

उपासना चालू असते तेव्हा मी पंखे ऐकतो.
तिसरा कुरकुरतो.
प्रार्थनेला डोळे मिटले की विजेचं बिल दिसतं.
पेल्यांत द्राक्षरस सारखा पडलाय ना, हे बघता बघता
माझा पेला रिकामा झालेला असतो,
चव कळायच्या आत.
वाईट माणूस मी नाही.
वार्षिक सभेत टाळ्या पडतात माझ्या नावाला.
पण जुन्या नवरा-बायकोचं होतं ना,
भांडण नाही, रुसवा नाही,
गॅस संपला, दूध आलं, एवढंच बोलणं,
तसं झालंय आपलं.

मुलीचं नाव शोधताना भलतंच पान उघडलं.
एकोणीसशे एक्क्याऐंशी, डिसेंबर.
शाल्मोन दगडू रणपिसे, वय एकोणीस,
मालवा मिल, बदली कामगार.
आणि सहीच्या जागी निळं डबकं.

बिलावलीच्या तलावातून थेट आलो होतो,
योसेफ मास्तरांच्या सायकलच्या कॅरिअरवर,
ओल्या सदऱ्यानं, दातांवर दात आपटत.
मास्तर म्हणाले, आधी अंग पूस.
मी म्हणालो, आधी सही.
केसांतला एक थेंब टपकला
आणि नावातला ‘मो’ वाहून गेला.
तो मी परत कधी लिहिला नाही.

डागावर बोट ठेवलं.
कोरडा. असणारच.
त्रेचाळीस वर्षं कुठली शाई ओली राहते?

त्या हिवाळ्यात मी काय करायचो
हे तुला ठाऊक आहे, माझंच मी विसरलो होतो.
रात्रपाळी सुटली की एम. वाय. हॉस्पिटल.
मोठ्यानं प्रार्थना करायला यायची नाही, लाज वाटायची,
म्हणून लोकांची नखं कापायचो.
ज्यांच्या उशाशी डबा नसायचा त्यांची.
कोणी सांगितलं नव्हतं. कुठल्या वहीत नोंद नाही.
एकेक बोट हातात धरताना
छातीत इतकं भरून यायचं
की जिना उतरताना मी शीळ घालायचो, हॉस्पिटलात!

दाखला लिहिला. शिक्का मारला.
पाळकांना काही बोललो नाही.
पश्चात्ताप हा शब्द मी कमिटीत इतका वापरलाय
की त्याची कड गेली आहे.
घरी दाढीच्या डब्यात नेलकटर सापडलं,
स्प्रिंग ढिली, थोडा गंज. रॉकेल लावून ठेवलं.
सून म्हणाली, बाबा, नवीन पन्नास रुपयांना मिळतं.

मंगळवारी गेलो.
गार्डनं विचारलं, किसके साथ हो?
उत्तर सुचेना.
वरच्या मजल्यावर खिडकीपाशी देवासचा एक म्हातारा,
ट्रकवर क्लीनर होता, पाय प्लास्टरात,
बोटांना कोयत्या फुटल्यासारखी नखं.
भिया, सँभाल के, म्हणाला.
चष्मा घसरत होता, माझा हात थरथरत होता,
तिसऱ्या बोटाला लागलंच जरा.
त्यानं आईवरून शिवी दिली.
मी कापूस मागायला धावलो, साठी उलटलेला माणूस,
आणि धावताना लक्षात आलं
की मी तुझ्याशी बोलतोय,
केव्हापासून कोण जाणे,
रक्त थांबू दे, एवढंच,
पण बोलतोय.

नखं वर्तमानपत्रात गोळा केली.
प्लास्टरातल्या पायाची राहिली आहेत.
कल आओगे? त्यानं विचारलं,
चावी न मागता
किती वर्षांनी कोणी बोलावलं मला.