पोच

प्रति,
मा. अध्यक्ष,
मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ.

विषय :
विषय मागाहून लिहिते.
इथे पेन चहा येईपर्यंतच हातात राहतं
आणि विषयालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो,
हे मला ठाऊक आहे.

कोर्टनाक्याला, निळ्या ताडपत्रीखाली
सव्वीस वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी टाइप केली.
वारस दाखले, पोटगी, हरवलेली रेशनकार्डं.
‘अर्जदार सविनय सादर करते की’
एवढं माझी बोटं झोपेतही मारायची.

तर सविनय सादर करते की
मला रात्री टाइपरायटरची घंटी ऐकू येते.
ओळ संपत आली की वाजते, ती.
मशीन भंगारात गेलं त्याला दोन वर्षं झाली.
हे मी नाकारत नाही.
डॉक्टरांना आपणहून मीच सांगितलं.
भावाने सांगितलं ते वेगळं.
(पातेलं एकच होतं. त्याच्या अंगावर नाही, भिंतीवर.)

त्याची सही आहे
‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ या शब्दांखाली.
मी कुणालाही नामनिर्देशित केलेलं नाही.
चेंदणीच्या घराच्या कागदावर मात्र
माझी सही अजून व्हायची आहे.
हे वाक्य विषयाला सोडून आहे, म्हणून खोडते.
खोडलेलंही वाचता येतं, हे आपण जाणताच.

लहानपणी दादरची मावसभावंडं चिडवायची,
‘हिला ठाण्याला पाठवा!’
आम्ही ठाण्याचेच. आम्हाला कुठे पाठवणार?
आता कळलं :
रिक्षाने वीस मिनिटं.

तीस दिवस म्हणाले होते.
आज एक्केचाळिसावा.
मधल्या अकरा दिवसांना कुणाची परवानगी होती
तो कागद मला दाखवावा.
शेजारच्या खाटेवरच्या जुलेखाचे केस
तिला न विचारता कापले.
कायद्यात तसं चालत नाही.
तिचा अर्ज वेगळा जोडते. तिचा अंगठा आहे,
आणि अंगठा शहाण्या माणसासारखाच उमटलाय.

आधी बरी हो, मग बोल,
असं कायद्याच्या कुठल्याच कलमात नाही.
घंटीसकट माझं ऐकावं.
फुकट वकील मिळतो म्हणतात, तो मिळावा.
मिळेपर्यंत मी आहेच.

कार्बन नाही, म्हणून दुसरी प्रतही हातानेच केली.
तिच्यावर शिक्का मारून, तारीख घालून
परत द्यावी.

भाऊ चारचौघांत सांगतो, हिला पोच नाही.
तेवढी एक द्यावी.

अर्जदार,
कुमुदिनी धाकू नाखवा
खाट क्रमांक चौदा