करड्या ओळी

तीन वाजल्यापासून अंधार आहे क्लाक्सविकमध्ये.
टेबलावर फेरीबोटींच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम,
तुम्मासने लिहिलेला, चौदा वर्षं जुना,
पांढऱ्यावर काळा, मुंग्यांच्या रांगेसारखा.
मी त्याला रंग देतेय.

म्हणजे, रंग देणाऱ्या प्रोग्रॅमला
शब्द ओळखायला शिकवतेय.
'जर', 'तर', 'नाहीतर', 'तोवर':
ही हुकूम सोडणारी मंडळी, यांना जांभळा.
नावांना निळा. आकड्यांना शेंदरी.
अवतरणात असेल ते हिरवं,
कारण ते कुणाचं तरी बोलणं;
यंत्र त्याचा अर्थ लावत नाही, जसंच्या तसं पोचवतं.
एवढी सभ्यता गावात फक्त जुन्या पोस्टमनकडे होती.

हानुस येतो कॉफीला, सातच्या बोटीआधी.
बुटांना चिखल, खांद्यावर दोर.
पलीकडे काल्सॉयच्या उतारावर त्याच्या सत्तर मेंढ्या.
"किती रंग झाले?"
"सात."
"सातात भागतं तुझं?"
आणि मोजायला लागतो:
ढवळी, मोरी, बांडी, कबरी,
वरून राखेसारखी पण पोटाखाली काळी,
कपाळावरून पट्टा ओघळलेली,
आणि एक, जिचा रंग फक्त धुक्यात कळतो.
त्या रंगाला आजोबांचा शब्द आहे,
त्याला म्हणता येतो, लिहिता येत नाही.
"रंग शोभेला नसतो गं," तो म्हणतो,
"दुरून कळायला असतो.
आपली कुठली, शेजाऱ्याची कुठली,
लंगडतेय ती कुठली."

बोलता बोलता एकशे बाराव्या ओळीत मी काहीतरी खोडलं
आणि त्याखालचं सगळं हिरवं झालं.
'जर' हिरवं, 'तर' हिरवं, आकडे हिरवे,
रविवारची शेवटची बोट हिरवी,
खालच्या कंसापर्यंत तीनशे ओळींचं कुरण.
हानुसने कप खाली ठेवला.
यातलं एक अक्षर त्याला कळत नाही,
पण बोट नेमकं टेकवलं:
"फाटक उघडं राहिलंय, इथे."

खरंच. एक अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं होतं.
कुणी बोलायला लागलं आणि थांबलंच नाही,
यंत्राला वाटलं, आता शेवटपर्यंत हे बोलणंच.
शेवटच्या वर्षी आई अशी बोलायची.
हुकूम, हिशोब, माशांचे भाव, मेलेल्यांची नावं,
सगळं एकाच रंगात.
चिन्ह कुठे टाकायचं
आम्हाला सापडलं नाही.

इथे सापडलं. टाकलं.
रंग आपापल्या घरी गेले.

"आणि हे पुसट काय?"
"टिपणं. माणसांसाठी. यंत्र ती वाचत नाही."
"म्हणून करडी?"
"म्हणून करडी."
"मग वाच की."

मी वाचलं, दोनशे सहाव्या ओळीवरचं, तुम्मासचं:
'इथे अकरा मिनिटं जास्त धरलीत. काढू नका.
उत्तरेचा वारा असला की कप्तान
धक्क्यावर कुणी पळत येतंय का ते बघतो.'

हानुस बराच वेळ गप्प.
कपात उरलेलं ढवळत राहिला, साखर नसताना.
"बहुतेक वेळा मीच," म्हणाला.
मग घड्याळ बघितलं, दोर उचलला
आणि दारही न ओढता गेला.

मी करड्याचा आकडा उघडला.
थोडा उजेड घातला. अजून थोडा.
शेंदरी नको, ओरडेल.
निळा नको, तो नावांचा.
मला त्या मेंढीचा रंग हवा होता, धुक्यातल्या,
आणि तो सहा खणांत काही केल्या बसेना.

उघड्या दारातून वारा आत येत होता, उत्तरेचा.
सात वाजून आठ मिनिटं.
सातची बोट दिवे लावून
धक्क्यालाच.