दिवस भरल्यावर

आधी दिवस गेले,
मग दिवस भरले,
आता हा एकच दिवस उरलाय, तोही मावळत नाही.

इलुलिसात, जून महिना.
पेशंट हॉटेलातल्या चार नंबरच्या खोलीत
पडद्याला मी दोन उशा टेकवून ठेवल्यात,
तरी ऊन कडेकडेनं आत शिरतं
आणि रात्री दीड वाजता माझ्या पोटावर येऊन बसतं.
वर अकरा दिवस झाले.
म्हणजे कॅलेंडरवर अकरा फुल्या;
बाहेर बघावं तर एकच लांबलचक दुपार.

माझ्या मागून आलेल्या दोघी मोकळ्या होऊन गेल्यासुद्धा.
पानिन्ग्वाक जाताना अर्धा पाव ठेवून गेली
आणि एक इवलासा लोकरीचा मोजा विसरली. एकच.
तो खिडकीत आहे.

खाडीत हिमनग फुटतो, तोफ उडाल्यासारखा,
आणि जेवणघरातली माणसं,
मोतीबिंदूवाले आजोबा, हात मोडलेला पोरगा,
सगळी माझ्याकडे बघतात.
मी नाही, मी सांगते. तो बर्फ.

सुईण डोर्ते टेप लावते, कान लावते.
ठोके छान आहेत, म्हणते,
गुरुवारपर्यंत बघू, मग गोळी देऊ.
आक्कालुकचा फोन येतो: इंजिन खोललंय,
एक वॉशर मिळत नाही,
मिळाला की निघालोच.
मागून कुत्र्यांचा कालवा.

गावानं नाव आधीच ठरवून टाकलंय.
गेलेलं माणूस आमच्याकडे नावातून परत येतं,
मुलगा होवो की मुलगी.
एनोक. सासूचा भाऊ.
हयातीत एकदाही वेळेवर न आलेला.
स्वतःच्या लग्नाला आला तो घंटा वाजून गेल्यावर, रबरी बुटांत.
एकदा सीलच्या शिकारीहून चार दिवस उशिरा;
तोवर शोधायला गेलेल्या बोटी परतल्या होत्या,
बोलेट्टेनं पेटीतून काळे कपडे काढले होते,
आणि हा दारात उभा:
हवा चांगली होती, म्हणाला.

म्हणून गावात कुणाला घोर नाही.
दुकानात, धक्क्यावर, माझा विषय निघाला की हसतात:
एनोकच तो. येईल सावकाश.

मला नाही हसू येत.
बुटांचे बंद बांधता येत नाहीत,
कूस बदलायची तर आधी मनाशी ठरवावं लागतं.
हे माझं पोट आहे, त्याची नाव नाही.
साठीच्या माणसाला त्याच्या तंबाखूसकट
मी पोटात बाळगलेलं नाही.
मला नवंकोरं कुणीतरी हवंय,
ज्यानं अजून कुणालाच ताटकळत ठेवलेलं नाही.
असं म्हणते,
आणि लक्षात येतं: ठेवलंय की.

तीन वाजता बोलेट्टेचा फोन.
ऑक्टोबरपासून तीही झोपत नाही.
त्या खेपेला तो उशिरा आला नाही.
नाव सापडली, एक हातमोजा सापडला.
शवपेटीत मग काय ठेवलं,
मी कधी विचारलं नाही.
माझे अकरा दिवस तिला सांगायचे कसे?
फोनवर दोघीही अवघडतो.

हलतोय का, ती विचारते.
कमी हलतोय आज.
लाव बघू फोन पोटाला.

मी सदरा वर करते.
त्वचा ताणून इतकी पातळ झालीय
की मलाही आतून ऐकू यावं तसं ऐकू येतं:
आधी कपबशीचा आवाज,
मग खाकरणं,
मग चाळीस वर्षं दारातून हाक मारून कमावलेला गळा,
"एनोक! कॉफी निवतेय!"

पोट ढिम्म.

मीच हसले. खूप दिवसांनी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
आणि हसता हसता खाली कुठंतरी
काहीतरी आवळलं, सुटलं.
ते तेच होतं की नुसतं हसणं, कळत नाही.

बोलेट्टे, फोन ठेवू नका.
तीन वाजून दहा मिनिटं.
ऊन मोज्यावर आलंय.