पातळी

दस्तगीर मिस्त्रीनं नळीत पाणी भरलं,
एक टोक माझ्या हातात दिलं.
"हलवू नका वहिनी, बुडबुडा राहतो."
दुसरं घेऊन घरभर फिरला,
भिंतीभिंतीवर निळी खूण केली
आणि पोऱ्याला म्हणाला,
"हे घर हाय का जिना हाय बे?"

खरंय त्याचं.
मागांची खोली रस्त्याहून दोन पायऱ्या खाली,
गारव्यात सूत कमी तुटतं म्हणून.
स्वयंपाकघर तिच्याहून तीन पायऱ्या वर, खाली टाकी,
अशोक चौकात नळ पाचव्या दिवशी येतो.
माडी एका मोठ्या ऑर्डरीची.
वरची अर्धी माडी,
ती ऑर्डर बुडाली त्या वर्षाची.
मामय्यांनी घर बांधलं नाही,
पैसा आला तसे ते चढत गेले.

माग गेले भंगारात, किलोवर.
स्रवंतीनं पुण्याहून मोबाइलवर नकाशा धाडला:
ओपन किचन, पांढरी फरशी, कुठं ठेच नको.
मलाही हवंय. खोटं कशाला बोलू,
बावीस वर्षं भाकरीची दुरडी घेऊन
माडीपर्यंत पायऱ्या मोजल्यात गुडघ्यांनी.

भिंत पाडली. स्विचबोर्डामागून
मूठभर लाल तूस निघालं,
कुठल्या चादरीचं कोण जाणे.
मागांचे बोल्ट मात्र जमिनीतून निघेनात.
"राहू द्या," मिस्त्री म्हणाला, "भरावात जातील."
पाडलेल्या भिंतींचाच भराव.
त्यावर पांढरी फरशी.
नळीतलं पाणी त्यानं जाताना
तुळशीत ओतलं, वाया नको म्हणून.

मग मी नव्या ओट्याशी उभी राहिले,
हे समोर, दहा पावलांवर.
"चहा घेणार का?"
माग चालू असताना विचारायचे तसं
पोटातून ओरडून विचारलं.
ह्यांनी बोलायच्या ऐवजी
अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, अर्धा.
पोऱ्या हसला.
आम्हाला जरा वेळ लागला कळायला,
मधे आता काहीच नव्हतं.

एक पायरी राहिलीच.
आणखी उचललं असतं
तर दारात ह्यांचं डोकं आपटलं असतं.
रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठते,
ती एक चढते,
आणि पाय
उरलेल्या दोनसाठी
हवेत उचलला जातो.