पृष्ठे कमी : चार

तौसीफनं ग्रुप काढला तेव्हा मी विचारलं,
ह्याची नोंद कुठल्या रजिस्टरात घ्यायची?
तो हसला. स्पर्धा परीक्षेचं पोरगं,
सकाळी आठपासून पंख्याखालची खुर्ची धरणारं.
म्हणाला, मॅडम, ह्याला रजिस्टर नसतंय.

पहिले पंधरा दिवस नुसती फुलं आली.
कमळं, वाफाळता चहा, सुविचार,
कुणाच्या तरी आत्याचा दशक्रिया विधी,
हरवलेली काळी शेळी, एक कान पांढरा.
(सापडली. तेही ग्रुपवरच कळलं.)
सचिव दराडे रोज सकाळी हात जोडायचे,
अनुदानाचं मात्र काही बोलायचे नाहीत.

जिंतूरच्या ह्या दोन खोल्यांत
एकोणीस वर्षं मी पुस्तकं देते-घेते.
झाडू मीच मारते, वाळवीला रॉकेलही मीच.
आता दुपारी, लाईट असली तर,
रोज एका पुस्तकाचा फोटो टाकू लागले.
खिडकीच्या उजेडात, मांडीवर ठेवून.
कोपऱ्यात माझं बोट यायचं.
पाककृतींना चाळीस अंगठे,
कवितांना एक. तो तौसीफचा, दयेनं.

एका बुधवारी टाकलं
तालुक्यातल्या आडा-बारवांवरचं जुनं पुस्तक,
दाखल क्रमांक आठशे बारा.
पहिल्या पानावर माझ्या आधीच्या ग्रंथपालांचं
तिरकं, रागावलेलं अक्षर :
पृष्ठे कमी, चार. एकशे तेरा ते एकशे सोळा.
मी खाली लिहिलं, कुणाकडं दुसरी प्रत असेल तर कळवावं.
सत्त्याण्णव जणांनी बघितलं.
अठ्ठ्याण्णवाव्यानं चहा पाठवला.

रात्री साडेअकराला,
ग्रुपवर नाही, मला एकटीला,
नाव नसलेला नंबर, डीपीत ट्रॅक्टर,
चार फोटो.
घडीवर चिकटपट्टी, पिवळी पडलेली,
कडेला हळदीचं बोट.
एकशे चौदावर शिसपेन्सिलीचं चित्र :
लिंबखेड्याची बारव, पायऱ्या सत्तावीस,
कोनाड्यात झिजलेल्या आसरा.

मग टायपिंग. थांबणं. परत टायपिंग.

मॅडम मी आसाराम गिराम, आता भोसरीला कंपनीत.
नववीत असताना मीच फाडले.
आईचं माहेर धरणात गेलं, ती परकरात होती तेव्हा.
रोज सांगायची, आमच्या बारवंला लई पाणी.
मी म्हणायचो, आता तर सगळ्या गावालाच हाय.
एकदा ती बोललीच नाही दोन दिवस.
पुस्तक घरी न्यायला डिपॉझिट वीस रुपये होतं.
परत आणणारच होतो,
पण तिनं देव्हाऱ्यात ठिवले.
दंड सांगा. फोनपे करतो.

दंड मी खरंच काढला.
सव्वीस वर्षं, रोजचे पंचवीस पैसे,
दोन हजार तीनशे बहात्तर रुपये पन्नास पैसे,
लीप वर्षं सोडून.
आकड्याकडं बघत बसले जरा.
मग पुसला.
विचारलं, ग्रुपवर टाकू का?
टाका, म्हणाला. फाडल्याचं नका सांगू.

सकाळी बसस्टँडसमोर प्रिंट काढली,
खळ लावून जागेवर चिकटवली,
वर शब्दकोश ठेवला दाबायला.
आणि ग्रुपवर चित्र, खाली ओळ :
लिंबखेड्याची बारव, पायऱ्या सत्तावीस.

दुपारपर्यंत ते कुठं कुठं गेलं, मला काय माहीत.
निजामाबादहून कुणी लिहिलं, ह्या आसरांना
आमच्या आजीचा नवस होता.
कुणी नुसतं रडणारं तोंड.
शेळीवाल्यानंही विचारलं, हे कुठं आलं?

चार वाजता आवाज आला, एकोणीस सेकंदांचा.
मागं कुकरची शिट्टी,
एक म्हातारी फोन तोंडाच्या फार जवळ धरून :
सत्तावीस न्हाई वं बाई, अठ्ठावीस.
शेवटली पाण्यातच ऱ्हायची. दिसायची न्हाई,
पायाला लागायची.

तीनदा ऐकलं.
माझ्या डोक्यावर पाटी होती,
पुस्तकावर काहीही लिहू नये. ती मीच रंगवून घेतलेली.
शब्दकोश उचलला. खळ अजून ओली होती.
पेन्सिलीला टोक केलं.