बासष्ट ग्रॅम

डॉक्टर मगदूमांच्या काट्यावर
आधी कागद पसरतात, मग बाळ.
कागद गार असतो. ती पाय झाडते,
तिच्याबरोबर आकडे झाडतात:
पाच एकशे सत्तर, पाच दोनशे दहा, पाच एकशे...
मी श्वास धरून उभी,
जणू सोडला तर तोही भरेल वजनात.
मग ती थांबते, पंख्याकडे बघत.
पाच किलो एकशे नव्वद.

पंधरा दिवसांत ऐंशी ग्रॅम.
डॉक्टर तक्त्यावर पेनानं टिंब देतात,
खालच्या दोन रेघांमधल्या बोळात.
नववा पर्सेन्टाइल, म्हणतात. अंगावरचंच चालू ठेवा. बघू या.
ते ‘बघू या’ मी रिक्षातून
राजारामपुरी ते गंगावेस
मांडीवर घेऊन येते.

गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात.
चरवीत धार पडते ते दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतं,
आधी टणटण, मग जड, मग नुसता फेस.
तालमीतली पोरं पेला एका दमात रिकामा करतात
आणि वर मी,
पंपाच्या बाटलीत चाळीसची रेघ गाठायला
पंचवीस मिनिटं.

“पातळ असंल गं तुजं दूध,” चौगुलेकाकू म्हणतात,
“म्हशीचं दे की घोटभर, पानी घालून.
आमची समदी त्यावरच वाढली.”
त्यांचा थोरला दारातून येताना वाकून येतो.
मी त्याच्या खांद्यांकडे बघते
आणि मग हिच्या मनगटाकडे.

रात्री वही.
दीड वाजता डावी, अकरा मिनिटं.
सव्वातीन, उजवी, सात, झोपली.
ओल्या लंगोट्या सहा.
हळिवाची खीर दोनदा.
एकदा रडणं. (कुणाचं, ते लिहिलं नाही.)

नववा म्हणजे, वृषभनं समजावलं,
शंभर पोरी ओळीनं उभ्या केल्या
तर आठजणी हिच्या मागं.
त्याला वाटलं, मला बरं वाटेल.
मी रात्रभर त्या आठजणींना शोधत राहिले.
एक शिरोळात असेल, एक गगनबावड्याच्या अलीकडं,
एक कदाचित याच गल्लीत, खिडकीत दिवा असलेल्या घरात.
त्यांच्या आयांकडेही वह्या असतील.
आणि अगदी शेवटची जी असेल
तिच्या आईला कोण काय सांगून समजावत असेल?

रविवारी हुपरीहून अण्णा आले.
चाळीस वर्षं चांदीत गेलेला माणूस,
घुंगरू तळहातावर घेऊन वजन सांगणारा.
नातीला उचललं, ठेवलं, परत उचललं.
“मागल्या खेपंला वाळे हुते पायात?”
होते.
“आणि परवा?”
परवा नर्सनं काढून माझ्या मुठीत दिले होते.
अण्णांनी खिशातला काटा काढला,
मोबाइलएवढा, फडक्यात गुंडाळलेला.
वाळे ठेवले. चष्मा वर केला.
बासष्ट ग्रॅम.
“म्हंजे एकशे बेचाळीसनं वाढलीया पोर.
चांदी वजा करायची असतीया, बाळ,
हुपरीची लेक तू, तुला सांगाय लागतंय?”

मी हसले. ते हसू मध्येच कुठं गेलं कोण जाणे.
आतल्या खोलीत ती रडायला लागली
आणि मी उठायच्या आधीच
गाऊन पुढून ओला झाला होता.

एकशे बेचाळीससुद्धा कमीच. मला माहीत आहे.
टिंब सरकेल फार तर मोहरीएवढं,
त्याच बोळात.

आता तीन वाजलेत. कट्टा रिकामा,
शेणाचा ओला वास तेवढा वर येतोय.
ती पितेय. गिळल्याचा बारीक आवाज,
मध्येच थांबून एक सुस्कारा,
आणि लाथेसरशी वाळा वाजतो.
मी मोजत होते ते घोट की मिनिटं,
विसरले.
वहीत आज एवढंच:
डावी.