नमुना दोन

तासगाव. कॉलेजची डार्करूम.
खिडकीला काळा कागद, त्यावर बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा.
लेझर लावला.
झोताला पीळ घातलेला, सुंभाला घालतात तसा,
मधोमध पोकळ :
भिंतीवर पडला की लाल बांगडी.

मग वाटेत काच धरली,
भूपाल चौगुल्यांनी पावडर टाकून
चार दुपारी घासून आंधळी केलेली.
बांगडी फुटली.
भिंतभर रवा. लाल, बारीक,
आणि मध्ये मध्ये काळे ठिपके,
जिथं प्रकाशावर प्रकाश पडून
अंधार झालाय.
त्या प्रत्येक ठिपक्याभोवती म्हणे
पुन्हा एकेक इवलासा पीळ असतो.
सुंभ जळाला तरी.

मी मान हलवली.
रवा उलट्या बाजूला सरकला.
"तुम्हाला लांबचं दिसत नाही, मॅडम," चौगुले म्हणाले,
"माझा जागच्या जागी लुकलुकतोय."
एक भिंत, दोन रवे.
मोजायचा कुणाचा?

दुपारी स्टँडवर बेदाणा ठेवला.
ठिपके गप्प. फोटोतल्यासारखे.
मग त्याच बागेतला
सकाळी तोडलेला एक मणी.
ठिपके उकळायला लागले,
चुलीवरच्या आधणासारखे.
दोघंही वाकून बघत राहिलो.
"आत काम चालू आहे अजून," चौगुले म्हणाले,
"तोडलाय, ते कळलं नाही त्याला."

वहीत लिहिलं : नमुना दोन. हालचाल आहे.
वेळ टाकायची राहून गेली.

बेदाणा चौगुल्यांनी तोंडात टाकला.
मणी मला खाववेना.